सुट्टीनंतरचे बेचाळीस दिवस

रुग्णालयातून रुग्णाला घरी सोडण्याला वैद्यकीय कागदपत्रांत 'डिस्चार्ज' म्हटले जात असले, तरी मराठी माणसाच्या बोलण्यात त्याला 'सुट्टी' हाच शब्द आहे, आणि 'उद्या सुट्टी होणार' एवढे म्हणताना वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांचा सगळा थकवा उतरलेला दिसतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र सुट्टी म्हणजे आजाराचा शेवट नसून उपचाराच्या जागेतला बदल असतो. ज्या भागासाठी शस्त्रक्रियागृह, प्राणवायूची नळी किंवा चोवीस तासांची देखरेख लागत होती तो भाग संपलेला असतो. जखम भरणे, हाड सांधणे, गेलेली ताकद परत येणे हा त्याहून लांबचा भाग घराच्या चार भिंतींत व्हायचा असतो. हा दुसरा भाग कोणी पाहायचा, त्याचे ज्ञान कोणाकडे असायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि काही बिघडले तर हाक कोणाला मारायची, हे प्रश्न आपल्या आरोग्यव्यवस्थेने बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कुटुंबावर सोपवले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नांचा विचार केला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. घरीच बरे करण्याची शास्त्रशुद्ध, मोजून सिद्ध झालेली एक पद्धत महाराष्ट्रातच घडली आहे आणि राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून ती आज गावोगावी राबवलीही जाते, परंतु ती एकाच प्रकारच्या रुग्णासाठी आहे, आणि तो रुग्ण म्हणजे नवजात बाळ.

या विषयातील दोन कल्पना आधी वेगळ्या करून घ्याव्या लागतात. पहिली कल्पना 'आधारासह लवकर सुट्टी' ही होय. तीत रुग्ण काही दिवस रुग्णालयात राहतो आणि धोका टळल्यावर परिचारिका, व्यायामोपचारतज्ज्ञ म्हणजे फिजिओथेरपिस्ट, औषधे व साधने यांचा बंदोबस्त करूनच त्याला घरी पाठवले जाते. दुसरी कल्पना 'घरातील रुग्णालय' ही होय, आणि तीत एरवी खाट द्यावी लागली असती अशा रुग्णाला घरीच ठेवून डॉक्टर, सलाईन, इंजेक्शने आणि तपासण्या त्याच्या घरी नेल्या जातात. दोन्हींत रुग्णाची जबाबदारी रुग्णालयाकडेच राहते, केवळ उपचाराची जागा बदलते. म्हणूनच खाट रिकामी करण्यासाठी दिलेली घाईची सुट्टी, किंवा खर्च झेपेना म्हणून 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो' असे लिहून देऊन नेलेला रुग्ण, यांना घरची रुग्णसेवा म्हणता येत नाही. त्या प्रसंगी घर असते, सेवा नसते.

देऊळगाव राजा हे विदर्भाच्या पश्चिम कडेला, मराठवाड्याला खेटून वसलेले गाव आहे. सिंदखेडच्या जाधव घराण्याशी आणि बालाजीच्या देवस्थानाशी त्याचे नाव जोडलेले आहे, संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात आहे, आणि अलीकडच्या वर्षांत शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनासाठी हा परिसर ओळखला जाऊ लागला आहे. आरोग्याच्या दृष्टीने या गावाचे स्थान विचार करायला लावणारे आहे. प्रशासनाच्या नकाशावर ते अमरावती विभागात आणि आरोग्य खात्याच्या अकोला परिमंडळात येते, परंतु जिल्ह्याचे ठिकाण असलेले बुलढाणा चिखलीमार्गे दूर पडते आणि जालना त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. त्यामुळे गंभीर रुग्ण साहजिकच जालन्याला, आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरला, १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'घाटी' रुग्णालयात नेला जातो. २०२४ मध्ये जालना आणि बुलढाणा या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, तेव्हा मोठ्या उपचारांची सोय यापुढे वाढतच जाईल.

परंतु रुग्ण नेण्याची वाट आणि तो परत आल्यावर त्याच्याकडे पाहणारी व्यवस्था या दोहोंत विभागाची सीमा आडवी येते. उपचार मराठवाड्यातल्या रुग्णालयाने केलेले असतात, आणि घरी परतल्यानंतर ज्यांनी पाहायचे ती माणसे, म्हणजे गावातील आशा स्वयंसेविका, उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, ही वेगळ्या परिमंडळाला उत्तरदायी असतात. तालुक्यातील अंढेरा किंवा देऊळगाव मही परिसरातील एखादा रुग्ण खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया करून परत आला, तर त्याची बातमी गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवणारी एकच यंत्रणा खात्रीने चालू असते, ती म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे.

सुट्टीच्या दिवशी नातेवाइकाच्या हातात पडणारा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. वर दाखल झाल्याची आणि सुट्टीची तारीख, मध्ये निदान आणि शस्त्रक्रियेचे नाव, खाली औषधांची यादी, आणि बहुधा हे सगळे इंग्रजीत. औषधापुढे 'ओडी' असेल तर दिवसातून एकदा, 'बीडी' असेल तर दोनदा, 'टीडीएस' असेल तर तीनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तर. आणि शेवटच्या ओळीत सात किंवा पंधरा दिवसांनी फेरतपासणीला यावे अशी सूचना. हा कागद घेऊन कुटुंब औषधाच्या दुकानात जाते, दुकानदार पाकिटावर पेनाने '१-०-१' असे आकडे लिहून देतो, आणि त्यानंतर घरात प्रत्यक्ष उपचार चालतो तो या पाकिटावरच्या आकड्यांवर. रुग्णाला कुशीवर वळवताना आधार कुठे द्यायचा, टाके ओले झाले तर काय करायचे, ताप किती चढला म्हणजे थांबू नये, गोळी संपली आणि फेरतपासणीला चार दिवस बाकी असले तर काय, आणि रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर बोलायचे, यांपैकी काहीही त्या पाकिटावर मावत नाही.

घरी बरे करण्याचा विचार जगात नवा नाही. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयात १९४७ साली डॉ. ई. एम. ब्लूस्टोन यांनी रुग्णालयाच्या देखरेखीखालील गृहसेवा सुरू केली, आणि पुढच्या दशकात फ्रान्समध्येही तिने मूळ धरले. परंतु या विचाराला सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो भारतात, मद्रासमध्ये. क्षयरोगाच्या रुग्णाला गावाबाहेरच्या आरोग्यधामात म्हणजे सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने ठेवावे, स्वच्छ हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार द्यावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. महाराष्ट्रात मिरजेचे वॉनलेस आरोग्यधाम त्यासाठीच उभे राहिले होते. देशातील रुग्णांची संख्या आणि उपलब्ध खाटा यांचा मेळ मात्र कधीच बसण्यासारखा नव्हता. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र स्थापन केले, आणि डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच ठेवले. औषधे दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग वर्षाअखेर शांत झालेला होता. घरच्या रुग्णांचा आहार हलका होता, विश्रांती कमी होती, तरीही फरक एवढाच पडला. आणि पुढील पाच वर्षांच्या पाहणीत त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही.

या अभ्यासातला जो भाग सहसा सांगितला जात नाही तोच येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. मद्रासच्या रुग्णांना औषधे देऊन वाटेला लावलेले नव्हते. त्यांना ठरलेल्या दिवशी केंद्रात यावे लागे, आरोग्य कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जाऊन उरलेल्या औषधांची मोजदाद करीत, औषध खरोखर पोटात जाते की नाही हे पाहण्यासाठी लघवीची तपासणी होई, आणि कोणी चुकला तर त्याचा शोध घेतला जाई. घर उपचाराला चालले ते घरामागे एक जागे केंद्र उभे होते म्हणून. आज देऊळगाव राजातील क्षयरुग्ण स्वतःच्या घरी राहून बरा होतो, आणि निक्षय पोषण योजनेतून त्याला आहारासाठी मिळणारी, २०१८ साली दरमहा ५०० रुपये असलेली रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. घरी राहून बरे होण्याच्या या रीतीच्या मुळाशी मद्रासचा तो अभ्यास आहे.

महाराष्ट्राचे योगदान यापुढचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, तेव्हा त्या भागातल्या बाळंतपणांपैकी बहुतांश घरी होत होती आणि आजारी नवजात बाळाला रुग्णालयात नेणे अंतर, पैसा आणि रूढी या तिन्हींमुळे जवळजवळ अशक्य होते. बाळ रुग्णालयात जाऊ शकत नसेल तर नवजात बालकांच्या कक्षात जे केले जाते त्यातले किती बाळाच्या घरी नेता येईल, असा प्रश्न त्यांनी घेतला. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत ही पद्धत राबवली गेली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली गेली. गावातल्याच, जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले गेले. बाळाला ऊब देणे, अंगावर पाजण्यातील अडचणी सोडवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने प्रतिजैविक देणे ही कामे त्या करू लागल्या. सुरुवातीला या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले, तुलनेच्या गावांत मात्र ते ५९.६ राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के मरत, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून आशांमार्फत ही सेवा भारतभर सुरू झाली.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात आशेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवसाची आणखी एक. भेटीचे काम बाहेरून साधे दिसते, पण त्याची एकेक पायरी विचारपूर्वक बसवलेली आहे. आशा आधी साबणाने हात धुते आणि ते हवेत वाळू देते, पदराला पुसत नाही. बाळ शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, कारण नवजाताचा श्वास अनियमित असतो आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर हिशेब चुकतो; साठ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर थोडे थांबून पुन्हा मोजते. मग काखेत तापमापी, झोळीच्या काट्यावर वजन, नाळेकडे एक नजर, त्वचेवर पू भरलेले फोड आहेत का हे पाहणे, आणि आईला एकच प्रश्न : बाळ कालसारखे ओढून पिते का? दूध पिणे मंदावणे हे बाळाच्या आजाराचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे, आणि ते यंत्राच्या आधी आईला कळते. सगळी उत्तरे एका छापील तक्त्यात उतरतात, आणि त्यातले एखादे लक्षण धोक्याचे निघाले तर पुढे काय करायचे हेही तक्त्यातच लिहिलेले असते.

याला जोडून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाची, तीही २०११ चीच, एक तरतूद आहे : सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीला आणि बाळाला मोफत वाहनाने घरी पोहोचवणे. अपघातग्रस्ताला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला रुग्णालयात नेण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला परत घरी आणण्यासाठी तशी गाडी नाही, त्याला भाड्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आडवे करून आणले जाते. मायलेकरांच्या बाबतीत मात्र साखळी पूर्ण आहे. नेणे, उपचार, परत पोहोचवणे, ठरलेल्या दिवशी भेट, लिखित तक्ता, आणि बिघडल्यास पुन्हा नेणे. एकाच घरात सून आणि बाळ दवाखान्यातून आले तर त्यांच्यासाठी बेचाळीस दिवसांची आखणी असते. त्याच आठवड्यात आजोबा खुबा बसवून आले, तर त्यांच्या नावाचा तक्ता कोणाकडेही नसतो.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण त्याचे बरे होणे औषधांपेक्षा घराच्या रचनेवर अधिक अवलंबून असते. कृत्रिम खुबा बसवल्यावर काही काळ उकिडवे बसणे आणि मांडी घालणे वर्ज्य असते, आणि खेड्यातल्या घरात जेवण, पूजा, गप्पा आणि शौच ही चारही कामे नेमकी याच दोन बैठकींत होतात. सुंभाची बाज मध्ये खोल जाते आणि तिच्यावरून उठताना खुबा नको इतका वाकतो. न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात, उंबरठा वीतभर उंच, वाट शेणाने सारवलेली. वॉकर, कमोडची खुर्ची, घट्ट गादीचा उंच पलंग आणि भिंतीला ठोकलेला एक दांडा एवढ्या चार गोष्टी आधी झाल्या, तर माणूस चालू लागतो. त्या न झाल्या तर 'पडेल' या भीतीने त्याला अंथरुणावरच ठेवले जाते, आणि अंथरुणावरचे दिवस वृद्धाच्या शरीरातून ताकद वेगाने काढून घेतात. माकडहाडावर किंवा टाचेवर एक लालसर डाग उमटतो. बोटाने दाबून सोडल्यावर निरोगी त्वचा क्षणभर पांढरी पडते. हा डाग तसा पडत नाही, आणि तीच बेडसोअरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण असते. त्या दिवशी ती ओळखली, तर दर दोन तासांनी कूस बदलणे आणि हाडाखालचा दाब काढणे एवढ्यावर भागू शकते. आठवड्यानंतर ओळखली तर पुन्हा रुग्णालय. ही एक खूण दाखवायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दाखवणारे माणूस त्या घरी गेलेले नसते.

येथे एक आक्षेप घेतला जातो की कुटुंबालाच नीट शिकवले तर बाहेरच्या माणसाची गरज काय. या आक्षेपाचे उत्तर भारतातच शोधले गेले आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि हालचाली शिकवून घरच्या घरी पुनर्वसन साधते का, हे पाहण्यासाठी 'अटेंड' नावाची चाचणी देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण असे शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच होते. कुटुंबाने प्रयत्न केले नाहीत असा याचा अर्थ नाही; शिकवून मोकळे होणे पुरत नाही, असा आहे. गडचिरोलीचे आणि मद्रासचे यश यांच्याशेजारी हा निष्कर्ष ठेवला, म्हणजे फरक कशाने पडतो हे स्पष्ट दिसते. जिथे प्रशिक्षित आणि कामाचा मोबदला मिळणारे माणूस नेमाने दारात येत होते, तिथे घर हे उपचाराचे ठिकाण झाले. अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगम रुग्णालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९१ रुग्णांच्या लहान चाचणीतही घरी उपचार घेणाऱ्यांचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी आला आणि तीस दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण रुग्णालयातील गटात २३ टक्के तर घरच्या गटात ७ टक्के निघाले. त्या घरांतही डॉक्टर आणि परिचारिका रोज जात होत्या.

कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात कोण, हेही नाव घेऊन सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ या वयातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी घेण्याच्या कामात असतात आणि त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे आहे. देऊळगाव राजाच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते, शेडनेटमध्ये फुलांचे परागीकरण हाताने करण्याचे नाजूक काम बायकाच करतात, आणि घरात आजारी माणूस आला की रोजंदारी बुडते ती बहुधा सुनेची किंवा लेकीची. रुग्णालयाच्या हिशेबात वाचलेला खाटेचा दिवस अशा रीतीने एका स्त्रीच्या मजुरीतून वळता होतो. घरच्या रुग्णसेवेची बाजू मांडणाऱ्या कोणीही हा खर्च लपवू नये.

विम्याची रचनाही खाटेभोवतीच उभी आहे. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना आता ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि तिच्यामुळे पूर्वी आवाक्याबाहेर असलेल्या शस्त्रक्रिया सामान्य माणसाला मिळू लागल्या, हे तिचे मोठे श्रेय आहे. परंतु तिच्या पॅकेजमधील सुट्टीनंतरची सोय दहा दिवसांपुरती आहे, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ती पंधरा दिवसांची आहे. खुबा सांधायला महिने लागतात. घरच्या उपचाराचा खर्च विम्यात बसूच शकत नाही असे मात्र नाही. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये आलेल्या 'कोरोना कवच' पॉलिसीत घरी घेतलेल्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च समाविष्ट होता. त्याच काळात गावोगावच्या लोकांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहिला, तो फोनवर डॉक्टरांना कळवला, आणि सहा मिनिटे चालून पुन्हा मोजला. उपचाराचे निरीक्षण घरी होऊ शकते हे त्या वर्षाने, फार मोठी किंमत घेऊन, सगळ्यांना शिकवले.

घर सर्वांना सोसत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्याची शुद्ध कमी-अधिक होते, ज्याच्या रक्तातील प्राणवायू घसरतो आहे, ज्याला दर काही तासांनी शिरेतून औषध लागते, त्याची जागा रुग्णालयातच आहे. घरी प्राणवायू देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज सतत खाते, आणि जिथे वीज तासन् तास जाते तिथे भरलेला सिलिंडर जोडीला ठेवल्याशिवाय ते यंत्र देणे म्हणजे रुग्णाला संकटात घालणे होय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'घरी काळजी घ्या' असे लिहून देण्याला तर काही अर्थच उरत नाही. सुट्टी देण्यापूर्वी घर कसे आहे आणि घरात कोण आहे, हे दोन प्रश्न रक्तदाबाइतक्याच नेमाने विचारले गेले पाहिजेत.

देऊळगाव राजासारख्या तालुक्यात हे सारे उभे करायला नवी इमारत लागत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटीची तरतूद आधीपासून आहे, उपकेंद्रांत आता आयुर्वेद किंवा नर्सिंगचे पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि ई-संजीवनीवरून त्यांना तज्ज्ञांशी बोलता येते. उणीव आहे ती जोडणीची. जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या रुग्णालयाने सुट्टीच्या दिवशीच रुग्णाच्या गावच्या उपकेंद्राला मराठीत एक पान पाठवले, त्यात धोक्याच्या चार खुणा आणि एक चालू फोन क्रमांक लिहिला, वॉर्डातल्या शेवटच्या दोन दिवसांत परिचारिकेने घरच्या माणसाकडून कूस बदलणे आणि नळी हाताळणे स्वतः करवून घेतले, आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने बाळासाठी ठरलेल्या दिवसांप्रमाणेच तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत भेटी दिल्या, तर सीमेच्या दोन बाजूंना तुटलेली साखळी जुळते. हे काम आशांच्या माथी फुकट मारता कामा नये. बाळाच्या सहा भेटींसाठी कार्यक्रमात २५० रुपये ठरवलेले आहेत, आणि राज्यातील आशांना मोबदल्यासाठी २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत संपावर जावे लागले होते. वृद्धाच्या भेटीला वेगळा मोबदला आणि वेगळे प्रशिक्षण दिल्याखेरीज ती त्यांच्याकडून मागण्याचा कोणालाही अधिकार नाही.

साधनांचा प्रश्न मात्र सरकारची वाट न पाहता सुटण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे' चालतात. तिथे अनामत ठेवून अगदी थोड्या भाड्यात वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, एअर बेड, वर-खाली होणारा पलंग मिळतो, आणि काम झाले की हे साहित्य पुढच्या रुग्णाकडे जाते. तालुक्याच्या गावी असे केंद्र चालवायला एक कोरडी खोली, एक वही आणि रोज तासभर बसणारे एक विश्वासू माणूस पुरते. देऊळगाव राजात देवस्थान आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, व्यापारी पेठ आहे, निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आहेत. यांपैकी कोणीही हे मनावर घेऊ शकेल.

दिवाळीच्या साफसफाईत ज्यांच्या माळ्यावरून आईचा जुना वॉकर, वडिलांची कमोडची खुर्ची किंवा एकदाच वापरलेला एअर बेड खाली उतरला असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये आणि पुन्हा वरही ठेवू नये. डेटॉलच्या पाण्याने पुसावा, रबराचे झिजलेले बूट बदलावेत, आणि गावच्या उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन या आठवड्यात कोणाची सुट्टी झाली आहे, एवढे विचारावे.